भिंतीवर आकडे, चष्म्यात खोली: क्वेस्ट 3 आणि सेज3 या जोडीचं परीक्षण

तीन-चार माणसं एकाच डेटाभोवती उभी असली की निम्मा वेळ एका प्रश्नात जातो: "तू नक्की कुठल्या बिंदूबद्दल बोलतोयस?" ऑगमेंटेड रिॲलिटीचा (खऱ्या खोलीतच आभासी वस्तू दाखवणारा) हेडसेट आणि सगळ्यांना दिसणारा मोठा पडदा एकत्र लावायचा तो या प्रश्नासाठी. नुसत्या हेडसेटमध्ये आकडे धड वाचता येत नाहीत. नुसत्या पडद्यावर खोली कळत नाही, मग प्रत्येक जण माऊसने आकृती आपल्याला हवी तशी फिरवतो आणि बाकीच्यांचा धागा तुटतो.

इथे परीक्षण आहे ते पुढच्या संचाचं: मेटा क्वेस्ट 3 चे दोन हेडसेट, 55 इंची 4के टीव्ही, त्यावर सेज3 हा सगळ्यांनी मिळून वापरायचा डिजिटल फळा, 16 जीबी रॅमचा एक संगणक, स्वतंत्र वायफाय राउटर आणि चार फूट बाय तीन फुटांचं टेबल. माणसं चार: दोघांच्या डोळ्यांवर हेडसेट, दोघे मोकळ्या डोळ्यांनी. चौघांनाही हेडसेट देण्यापेक्षा ही विभागणी चांगली. क्वेस्ट घातलेल्याचे डोळे समोरच्याला दिसत नाहीत, आणि चौघांचेही डोळे झाकले गेले की चर्चा मंदावते. कुणीतरी मोकळ्या डोळ्यांनी टिपणं घेणारा, शंका काढणारा लागतोच.

आधी डेटा तपासा, मग खरेदी

विक्रीचे तक्ते, सर्वेक्षणाची उत्तरं, परीक्षेचे निकाल यांच्यासाठी हा खर्च करू नका. ज्या डेटाला मुळात जागा नाही त्याला तिसरी मिती दिली तर पुढचा बिंदू मागच्याला झाकतो आणि लांबचा खांब उगाच लहान दिसतो. एका सामाईक पट्टीवरची जागा डोळा सर्वांत अचूक वाचतो, क्षेत्रफळ आणि घनफळ वाचताना मात्र चुकतो. आकृत्यांच्या वाचनावरचे प्रयोग हे 1984 पासून सांगत आले आहेत.

जिथे खोली हीच बातमी असते तिथे हा संच पैसे वसूल करतो: बोअरहोलमधले थर, सीटी स्कॅन, लिडारने (लेसरने अंतर मोजून) टिपलेली गुहा, भूकंपांच्या नाभी, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू होतो ते बिंदू. कोयना-वारणा परिसर हे त्याचं उत्तम उदाहरण. 10 डिसेंबर 1967 चा 6.3 तीव्रतेचा भूकंप सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यानंतर आजवर तिथे होत आलेले छोटे-मोठे भूकंप साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात, बहुतेक 10 किलोमीटरच्या आतल्या खोलीवर दाटलेले आहेत. 1:25,000 हे प्रमाण घेतलं तर हा ठोकळा 80 सेंटिमीटर बाय 120 सेंटिमीटर बाय 40 सेंटिमीटर होतो. चार फुटी टेबलावर नेमका बसतो, आणि भोवती चार माणसं फिरू शकतात. कोयनेच्या खोल छिद्रणात गोठणे इथल्या 3 किलोमीटरच्या प्रायोगिक विवरात बेसाल्टची जाडी 1,247 मीटर निघाली. म्हणजे टेबलावर तो थर अवघा 5 सेंटिमीटर, विवर 12 सेंटिमीटर, आणि नाभींचा मोठा भाग त्या थराच्या खाली. कागदावरच्या छेदात हे कळायला वेळ लागतो. टेबलाशी वाकून पाहिलं की लगेच कळतं.

डेटा चढवताना दोन चुका हमखास होतात. पहिली मध्यबिंदूची. पश्चिम महाराष्ट्रासाठी यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीचा 43 उत्तर हा पट्टा वापरतात आणि त्यात कोयनेचा उत्तरांक (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) 19 लाख मीटरच्या पुढे येतो. मध्यबिंदू वजा न करता तो आकडा 25,000 ने भागला तर बिंदूंचा ढग टेबलापासून उत्तरेला जवळपास 77 मीटर लांब जाऊन बसतो, आणि हेडसेटमध्ये काहीच न दिसल्याने माणूस प्रोग्राममध्ये भलतीकडेच चूक शोधत बसतो. आधी वजाबाकी, मग भागाकार. खोली उणे करायलाही विसरू नका. युनिटी या त्रिमितीय प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरची दिशा धन असते, त्यामुळे विसरलात तर भूकंप आकाशात होतात.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती सुंदर दिसते. भूकंपाची खोली नीट काढता आली नाही तर अनेक याद्यांमध्ये एक ठरावीक आकडा, बहुधा 10 किलोमीटर, टाकलेला असतो. त्रिमितीत असे सगळे बिंदू मिळून एक सपाट, रेखीव थर तयार होतो आणि बघणाऱ्याला वाटतं की भ्रंशतल, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो ती पातळी, सापडलं. यादीत खोलीची चूक किती हा रकाना असेल तर तो प्रत्येक बिंदूला उभ्या बारीक रेघेने दाखवा. नसेल तर ठरावीक खोलीचे बिंदू फिकट राखाडी करा. हे काम हेडसेट चढवण्याआधीचं.

वाचनीयता: इथेच खरी मेख आहे

क्वेस्ट 3 ची आतली प्रतिमा डोळ्याच्या एका अंशात सुमारे 25 पिक्सेल दाखवते. 55 इंची 4के पडदा 2 मीटरवरून मोकळ्या डोळ्यांनी पाहिला तर तोच हिशेब अंशाला सुमारे 113 पिक्सेल इतका येतो. म्हणून तक्ते, आकडे, सूत्रं, टिपणं भिंतीवर ठेवायची आणि आकार, दिशा, खोली हेडसेटमध्ये. इथपर्यंत सरळ आहे.

अडचण पुढची. हेडसेट घातलेला माणूस ती भिंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाही, कॅमेऱ्यातून पाहतो. या पासथ्रू चित्राची धार अंशाला सुमारे 18 पिक्सेल एवढीच आहे. मोकळ्या डोळ्यांच्या दोघांना जे सहज वाचता येतं ते हेडसेटवाल्यांना धूसर दिसतं, आणि ते हेडसेट वर-खाली करत राहतात. देवनागरीचं अक्षर वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांसकट ओळखू यायला साधारण 20 पिक्सेल उंची धरा. 18 ने भागलं की 1.1 अंश होतात, म्हणजे 2 मीटरवर जवळपास 4 सेंटिमीटर. 55 इंची पडद्यावर ही उंची 126 पिक्सेल होते. ओळींमधली जागा धरून पडद्यावर दहाएक ओळी मावतात, त्याहून जास्त नाहीत.

यावर उपाय म्हणजे भिंतीचे दोन भाग करा. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात मोठ्या अक्षरात फक्त चालू स्थिती ठेवा: कोणता कालखंड, किमान तीव्रता किती, किती बिंदू निवडलेत. खालच्या भागात नेहमीच्या आकाराचे तक्ते आणि आलेख, ते मोकळ्या डोळ्यांच्या दोघांसाठी. पार्श्वभूमी गडद ठेवा. पांढऱ्या पडद्याने पासथ्रूचे कॅमेरे दिपतात आणि अक्षरांच्या कडा खाल्ल्या जातात. खोलीतले दिवे लुकलुकल्यासारखे दिसले तर हेडसेटच्या ट्रॅकिंगच्या सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ निवडा. आपली वीज त्याच वारंवारतेवर चालते.

बिंदूंचा आकारही याच हिशेबाने ठरवा. 4 मिलिमीटरचा बिंदू 1.2 मीटरवरून जेमतेम 5 पिक्सेलचा दिसतो. त्याहून लहान ठेवू नका. तीव्रतेसाठी 4 ते 16 मिलिमीटर पुरे. मोठ्या भूकंपाचा गोळा ऊर्जेच्या प्रमाणात फुगवायचा मोह टाळा. तीव्रतेच्या एका अंकाने ऊर्जा सुमारे 32 पट होते, त्यामुळे एकच गोळा टेबल व्यापून बसेल.

मराठी नावं हेडसेटमध्ये हवी असतील तर एक सावधगिरी. युनिटीतलं टेक्स्टमेशप्रो हे मजकूर लिहायचं साधन देवनागरीची जुळणी करत नाही. चिपळूणची वेलांटी पुढच्या 'प' ला जाऊन चिकटते आणि संगमेश्वरमधला 'श्व' पाय मोडून सुटा पडतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गावांच्या नावांची चित्रं आधीच ब्राउझरमध्ये तयार करून घ्यायची आणि ती पाट्यांसारखी लावायची. वेबएक्सआरवर (ब्राउझरमधूनच हेडसेटमध्ये दृश्य दाखवायच्या पद्धतीवर) काम करत असाल तर कॅनव्हासवर लिहिलेला मजकूर ब्राउझर स्वतःच नीट जुळवतो. मराठीत काम करणाऱ्या गटाने केवळ या कारणासाठीही वेबएक्सआरचा विचार करावा असं आम्ही म्हणू.

दोघांना एकाच जागी एकच ढग

दोन हेडसेटना टेबल एकाच ठिकाणी आहे हे पटवणं हा या संचातला सर्वांत नाजूक भाग. क्वेस्टमध्ये त्यासाठी सामाईक अवकाशी अँकर आहेत. एक हेडसेट खोलीत एक खूण रोवतो, ती मेटाच्या सर्व्हरवर जाते आणि दुसरा हेडसेट ती उतरवून घेतो. त्यासाठी दोन्ही हेडसेटवर गोपनीयतेच्या सेटिंगमधली वाढीव अवकाशी सेवांची परवानगी चालू लागते आणि इंटरनेट लागतं. अँकर मिळत नसेल तर निदान याच दोन गोष्टींपासून सुरू करा. खोलीच्या रचनेची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते हेही ध्यानात घ्या. रुग्णांचा किंवा संरक्षणाशी संबंधित डेटा असलेल्या संस्थेने हा मार्ग घेऊ नये.

त्यांच्यासाठी जुना, साधा मार्ग आहे, आणि तो इंटरनेटशिवाय चालतो. टेबलाच्या दोन कोपऱ्यांवर चिकटपट्टीने फुल्या करा. प्रत्येकाने कंट्रोलरचं टोक आधी डाव्या, मग उजव्या फुलीवर टेकवून बटण दाबायचं. दोन बिंदूंवरून जागा आणि दिशा दोन्ही ठरतात. दोन फुल्यांमधलं अंतर जितकं जास्त तितकी दिशेची चूक कमी, म्हणून टेबलाची लांब बाजू वापरा. टोक टेकवताना हात अर्धा सेकंद स्थिर ठेवायचा आणि त्या अवधीतल्या मापांची सरासरी घ्यायची. हेडसेट काढून पुन्हा घातला किंवा दुसऱ्याला दिला की फुल्या परत टेकवायच्या. त्याला दहा सेकंद लागतात.

अँकर असो वा फुली, ती टेबलाशीच हवी. खोलीच्या कोपऱ्यात नको. दिशेत एका अंशाची चूक झाली तर खुणेपासून 3 मीटरवर सगळं 5 सेंटिमीटर सरकतं, आणि आपल्या प्रमाणात 5 सेंटिमीटर म्हणजे 1.3 किलोमीटर. खूण टेबलाच्या मध्यावर असली तर कडेला तीच चूक 1 सेंटिमीटरच्या आसपास राहते, म्हणजे अडीचशे मीटर. तीही शून्य नाही. म्हणून बोटाने दाखवण्यावर विसंबू नका. एकाने कंट्रोलरचं टोक बिंदूजवळ नेऊन बटण दाबलं की त्या बिंदूचा क्रमांक सर्वांना जावा, आणि तोच बिंदू दुसऱ्याच्या हेडसेटमध्ये आणि भिंतीवरच्या तक्त्यात एकाच वेळी उजळावा. क्रमांकाला सेंटिमीटरची चूक लागत नाही. सगळ्या संचात हे एकच काम नीट केलं तरी सुरुवातीचा तो प्रश्न निकालात निघतो.

बिंदू निवडण्यासाठी कंट्रोलरच वापरा. चिमटीने निवडणं दाखवायला छान वाटतं, पण दाट ढगात बोटांचा अंदाज हलतो आणि शेजारचा बिंदू पकडला जातो. ढग उचलणं, फिरवणं हाताने चालेल. मात्र फिरवण्याचा हक्क एका वेळी एकालाच द्या. दुसऱ्याच्या नजरेसमोरून ढग अचानक फिरला तर गरगरतं.

टेबल चकचकीत काचेचं नको. कोऱ्या पांढऱ्या सनमायक्याचंही नको. हेडसेटला खोलीतल्या कडा आणि नक्षी ओळखून स्वतःची जागा ठरवायची असते, आणि काचेची पार्टिशन, आरसे, गुळगुळीत पांढऱ्या भिंती असल्या की तो चाचपडतो. टेबलावर जाड विणीची सतरंजी अंथरली तरी फरक पडतो.

सेज3 काय करतं, काय करत नाही

सेज3 हे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन प्रयोगशाळेने हवाई विद्यापीठ आणि व्हर्जिनिया टेक यांच्यासोबत घडवलेलं सॉफ्टवेअर आहे. 1992 साली केव्ह ही चार बाजूंनी चित्र दाखवणारी खोली याच प्रयोगशाळेने जगापुढे आणली होती, तेव्हा मोठ्या पडद्यावर एकत्र काम करण्याचा विचार यांच्याकडे जुना आहे आणि तो जाणवतो. एक विस्तीर्ण फळा असतो. त्यावर प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवरून चित्रं, पीडीएफ, चिठ्ठ्या, वेबपानं आणि पायथनचे तुकडे टाकतो. प्रत्येकाचा कर्सर नावासकट दिसतो. पायथनचा तुकडा ज्युपिटर कर्नलवर (मागे प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनावर) चालतो आणि त्याचा आलेख सर्वांसमोर तिथेच उमटतो. तीव्रता-वारंवारतेचा आलेख काढायला कुणाला पाठ फिरवून आपल्या खुर्चीवर जावं लागत नाही, ही मोठी सोय आहे.

हेडसेटशी त्याची थेट जोड मात्र नाही. ती तुम्हाला बांधावी लागते. पद्धत अशी: संगणकावर एक छोटा वेबसॉकेट सर्व्हर, म्हणजे जोडलेल्या सगळ्यांना लगेच निरोप पोचवणारा प्रोग्राम, चालवा. निवड आणि गाळणीचे आलेख दाखवणारं एक साधं वेबपान लिहा आणि ते सेज3 च्या वेबव्ह्यूमध्ये (फळ्यावरच्या वेबपानाच्या खिडकीत) उघडा. सेज3 वेबव्ह्यूचा पत्ता सगळ्यांना सारखा ठेवतं, पण पानाच्या आत कुणी काय दाबलं ते वाटत नाही, म्हणून ही स्थिती तुमच्या वेबसॉकेटनेच वाटायला हवी. हेडसेटमधला प्रोग्रामही त्याच सर्व्हरला जोडा.

नेटवर्कवरून डेटा पाठवू नका, फक्त बदल पाठवा. संपूर्ण यादी प्रत्येक हेडसेटवर आधीच ठेवा. मग निरोप लहानसा होतो: कुणी, कोणते क्रमांक निवडले, कोणती गाळणी लावली, ढग कुठे वळवला. कालपट्टी सरकवताना सेकंदाला दहाच निरोप जाऊ द्या आणि हात सोडल्यावर शेवटचा एक नक्की पाठवा. तो विसरलात तर भिंत आणि हेडसेट एका दिवसाने, एका भूकंपाने वेगळे दाखवत राहतात, आणि ही चूक लवकर ध्यानात येत नाही. प्रत्येकाच्या निवडीला वेगळा रंग द्या.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर हा सगळा खेळ बहुधा चालतच नाही. तिथे एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी बंदी घातलेली असते. स्वतंत्र राउटर, 5 गिगाहर्ट्झचा पट्टा आणि संगणक तारेने जोडलेला, एवढं केलं की प्रश्न सुटतो. वेबएक्सआरसाठी पान एचटीटीपीएसवरूनच यावं लागतं. नसेल तर हेडसेटचा ब्राउझर एआरचं बटण दाखवतच नाही.

मोकळ्या डोळ्यांच्या दोघांना ढग कसा दाखवायचा? हेडसेटमधलं चित्र थेट भिंतीवर टाकू नका. घातलेल्याची मान हलते तसं चित्र हलतं, पाहणाऱ्यांना मळमळतं, आणि प्रक्षेपणाचा भार हेडसेटवरही पडतो. त्याऐवजी संगणकावर तिसरा प्रेक्षक म्हणून तोच प्रोग्राम चालवा, त्यातला कॅमेरा टेबलाच्या एका बाजूला स्थिर ठेवा आणि ती खिडकी फळ्यावर आणा.

वेग, वजन, बॅटरी

72 हर्ट्झवर एका चित्रासाठी 13.9 मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक बिंदूला युनिटीत वेगळी वस्तू केली तर हजाराच्या आसपास दम लागतो. युनिटीत डेटाच्या आकृत्या काढायचं डीएक्सआर हे तयार साधन शिकायला फार सोपं आहे, पण त्याची रचना अशीच आहे. आयएटीके हे तसंच दुसरं साधन सगळे बिंदू एका जाळीत बांधतं, म्हणून संगणकावर खूप मोठा डेटा पेलतं, पण ते जिओमेट्री शेडरवर (ग्राफिक्स चिपवर नवे आकार घडवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांवर) उभं आहे आणि ते मोबाइलच्या चिपला जड जातात. क्वेस्टसाठी इन्स्टन्सिंग (एकच आकार एका आज्ञेत अनेकदा काढणं) वापरून चार कोपऱ्यांचे सपाट चौकोन काढा आणि शेडरमध्ये त्यांना गोल रूप द्या. पारदर्शकता शक्यतो टाळा.

हेडसेटचं वजन 515 ग्रॅम, आणि ते सगळं चेहऱ्याच्या बाजूला. टेबलावर वाकून पाहताना मानेला लगेच जाणवतं. वीस मिनिटांनी जोडी बदला, चेहऱ्याला टेकणारा भाग पुसा. चष्मा असणाऱ्यांसाठी तो भाग चार टप्प्यांत पुढे सरकतो. भिंगांमधलं अंतर चाकाने 58 ते 71 मिलिमीटरपर्यंत बदलतं आणि जोडी बदलली की ते बदलायलाच हवं, नाहीतर धूसर दिसतं आणि दोष पासथ्रूवर जातो. बॅटरी दोन तासांच्या थोडी पुढे जाते. दुपारभर काम असेल तर कमरेला पॉवरबँक लावा.

पर्यायांबद्दल थोडं. होलोलेन्स 2 पारदर्शक भिंगाचा, त्यामुळे भिंत स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येते. या कामात तो फार मोठा गुण होता. पण दृष्टिक्षेत्र तिरकं मोजून 52 अंश, किंमत 3,500 डॉलर होती, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने उत्पादन थांबवलं. सुरक्षेचे अपडेट 31 डिसेंबर 2027 पर्यंत आहेत. प्रयोगशाळेत असलेला जरूर वापरा, नवा शोधत फिरू नका. क्वेस्ट 3एस 299 डॉलरला आला, पण त्याची भिंगं जुन्या फ्रेनेल (गोल खाचांच्या) पद्धतीची आणि पिक्सेल कमी. नुसता ढग पाहायला तो चालेल, पाट्या वाचायला नाही. 512 जीबीचा क्वेस्ट 3 सप्टेंबर 2024 पासून अमेरिकेत 499 डॉलर झाला होता. बाहेरून आणवत असाल तर वॉरंटी कुठल्या देशात चालते ते आधी पाहा. प्रत्येक हेडसेटला मेटाचं खातं आणि स्वतःचा प्रोग्राम टाकायला डेव्हलपर मोड लागतो. त्या पडताळणीसाठी एक दिवस हाताशी ठेवा.

पैसे देण्याआधी एक चाचणी करा. ए4 कागदावर 4, 3 आणि 2 सेंटिमीटर उंचीत "क्ष, र्त्य, द्ध, ठ्ठी" छापून तो भिंतीला लावा. 2 मीटरवर उभं राहून, भिंगांचं अंतर जुळवून, खोलीत नेहमी असतो तेवढ्याच उजेडात पासथ्रूमधून वाचा. सर्वांत लहान जी ओळ दोघांनाही न अडखळता वाचता येईल, त्याच मापाने भिंतीचा फळा आखा.